देवकीच्या बाजूची सीट

२ मार्च १९७६

निघाल्या एकदाच्या जुन्या सीटा! बोल्ट गंजून पत्र्याला धरले होते, छिन्नीनं तोडावे लागले. खाली नुसता भुसा आणि उंदराचं घरटं. पोर्तुगीज इंजिनेर गोवा सोडून गेला तेव्हापासून ही गाडी खाणीच्या शेडमध्येच पडून होती. लाल, उघडी, दोघांपुरती. अख्खी डिचोली विचारते — शांतारामशेट, ट्रकांचा धंदा सोडून हे खेळणं कशाला? इंजिन तर मी नुसतं ऐकून लावलं. कान आहेत माझे!

कशाला ते कुणाला सांगितलं नाही. या महिन्यात पार्से गावात, देवकीच्या माहेरी, नव्या घराची वास्तुशांत आहे. आमच्या लग्नात तिचा बाप म्हणाला होता, पोरगी ट्रकाच्या क्लीनरला दिली. त्याच अंगणात तिला या गाडीतून उतरवायची आहे.

६ मार्च

म्हापशाहून मोडीतल्या एका गाडीच्या दोन सीटा आणल्या. भोकं जुळत नाहीत, रूळ जुळत नाहीत. मधे गिअरबॉक्सचा उंचवटा, बाजूला दार — सीट आत घातली तर दार लागत नाही. बाबली, आमचा गादीवाला, सीटला कदेलच म्हणतो. म्हणाला, "शेट, कदेल कापूचा लागतला. वयनीचा माप होया."

आणि मी, सगळ्या मेकॅनिकांसमोर —

"माप कसलं घेतोस? दहा टनाचा माल तो. मागची फळी पाडून चढवायचा."

हसले सगळे. मीच जास्त. वळून बघतो तर देवकी दारात, हातात चहाचे कप. तिनं आमच्या तोंडांकडे एकदा बघितलं, कप बाकावर ठेवले आणि गेली.

७ मार्च

बोलत नाही.

९ मार्च

मागून हाक मारली तर वळत नाही. समोर गेलो की विचारते, वाढू? तेवढंच. तोंड फुगवलेलं नाही, भांडी आपटत नाही. तेच जास्त लागतं.

हसवूनच धंदा केला मी. खाणीवरचा मॅनेजर हसला की माझ्या ट्रकाला आधी खेप मिळायची. कुणाचं पोट, कुणाचं टक्कल — जिभेवर तयार असायचं. ती जीभ घरी आल्यावरही गप्प बसली नाही.

१२ मार्च

बाबलीला म्हटलं, माझी सीट राहू दे, तिच्या बाजूची बघ. सीटचे दोन्हीकडचे उभे काठ कापले. स्प्रिंगा काढून काथ्या आणि रबर भरलं. पाय कापून खाली बसवली, नाहीतर बसणाऱ्याचं डोकं पुढच्या काचेच्या वर गेलं असतं. दाराच्या आतला पुठ्ठाही काढला. दार लागलं!

माप मीच आणलं — बलकांवातल्या, पुढच्या ओसरीवरच्या, तिच्या खुर्चीचं, ती देवळात गेली असताना. चोरासारखं. बाबलीनं माप बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खडूनं खुणा करायला लागला. एरवी दोघं तासभर हसलो असतो.

१५ मार्च

ती चुलीकडे तोंड करून बांगडे भाजत होती. मी दारात उभा राहिलो. अशी बोलणी मला जमत नाहीत. तरी म्हटलं — त्या दिवशी गॅरेजात जे बोललो ते वाईट बोललो. चुकलं माझं.

तिनं बांगडा उलटला.

मग बाहेर आलो.

१९ मार्च

गाडी दारासमोर लावली. म्हटलं, बसून तरी बघ. तिनं सीटवर हात फिरवला, सारखा फिरवत राहिली. मी इंजिन चालू केलं तसा तो हात मागे घेतला. म्हणाली, "उघड्या गाडीत नको माका. मी कार्रेरीनं जाईन, फुडे."

बसच्या गर्दीत उभी राहील, पण माझ्या बाजूला बसणार नाही.

२२ मार्च

एकटाच गेलो पार्श्याला. बाजूची सीट रिकामी, वाटभर नजर तिकडेच. माझा मेहुणा कृष्णनाथ गाडीभोवती फिरला, इतकी रुंद सीट कुणासाठी केली म्हणून विचारलं. चार माणसं तोंडाकडे बघत उभी — शांतारामशेट आता काहीतरी बोलणार. मी बोललो नाही.

देवकी आतच होती, बायकांत. दोन दिवस राहून येते म्हणाली.

२३ मार्च

काल निघताना कृष्णनाथची बायको शेवंती गाडीपाशी आली होती. देवकी माझ्याशी बोलत नाही, तूच समजाव, असं मी तिला म्हटलं. ती बघतच राहिली.

"वन्संक पाठसून बोललेला ऐकूक येना, भाऊजी. दोन वर्षां झाली. समोर ऱ्हवान बोलूचा लागता. तुमका सांगू नको म्हणाली — तुमी गॅरेजात हसशात म्हणान."

म्हणजे फळीचं तिनं ऐकलंच नाही. चुलीपाशी बोललो तेही नाही. आम्ही हसताना तेवढं बघितलं, आणि धरून चालली की तिच्या कानांवरच हसतोय. उघड्या गाडीत, वाऱ्यात, बाजूला बसून तर माझं एक अक्षर तिला कळलं नसतं.

उद्या आणायला जातो. तोंडासमोर उभं राहून दोन्ही सांगायचं आहे — फळीचं आणि चुकलं तेही.