स्वस्तातला चार्जर

१६ मार्च
परवाच्या लाइटच्या झटक्यात रेडिओचा चार्जर जळाला. कंपनीचा नवा घ्यायचं जिवावर येतंय. आमचे हे, अजित, म्हणाले, "बॅटरीत चिक्कूपणा नको." शाळेत विज्ञान मी शिकवते, आणि हे मला सांगतात! शाहूपुरीतल्या दुकानात एक बिननावाचा बघून ठेवलाय. जोतिबाच्या यात्रेआधी पाहिजे. गर्दीत मोबाइल लागत नाहीत. मग आम्हा हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, हातातल्या सेटवरूनच निरोप फिरतात.

१९ मार्च
घेतला. लाल दिवा, भरली की हिरवा. अजितना मुद्दाम दाखवला. शेखी मिरवली थोडी.

२८ मार्च
हिरवा फारच लवकर लागतो. शाळेतला मीटर आणून मोजायला हवं. पेपर तपासायचे पडलेत. बघू.

१ एप्रिल
उद्या यात्रा. मीटर राहिलाच.
तानाजीदादा आले होते. बावड्यातलेच, म्हशींचा गोठा, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात हौशी. त्यांच्या सेटची बॅटरी जुनी झालीय, म्हणून माझ्याकडची जादाची, नव्या चार्जरवर भरलेली दिली.
"फुल्ल हाय न्हवं, ताई?"
"हिरवा लागलाय की."
खोटं नव्हतं. पण...

२ एप्रिल
यात्रेहून आत्ताच परतले.
दादा वर पायऱ्यांवर, मी खाली डॉक्टरांच्या मांडवात. दुपारी त्यांचा आवाज आला, "ताई, म्हातारी एक चक्कर यून—" आणि बंद. हाका मारत राहिले. काही नाही.
ते थांबले नाहीत, डॉक्टर आणायला स्वतः पळत सुटले. गुलालानं निसरड्या झालेल्या पायरीवर पाय सरकला. नडगीचं हाड मोडलं. पडल्या जागेवरूनच ओरडत राहिले, लोकांनी तोंडातोंडी निरोप आमच्यापर्यंत आणला. म्हातारी वाचली.

४ एप्रिल
मीटर आणला. दुसरी बॅटरी लावली, हिरवा लागल्यावर मोजलं. अर्धीसुद्धा भरत नाही.
अजित बघत होते. मीटर उचलून पेटीत ठेवला त्यांनी. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

५ एप्रिल
दवाखान्यात गेले. ग्रुपमधले सगळे जमलेले. कुणीतरी विचारलं, सेट ऐन वेळी बंद कसा पडला? दादा म्हणाले, "माझीच चूक की. घरात सेट चालूच ऱ्हायला असंल, बॅटरी उतारली."
सगळे हसले. मी त्यांच्यासाठी मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

९ एप्रिल
दादा घरी आलेत. फोन केला होता त्यांनी. "ताई, त्यो चार्जर कुठनं घेतलासा? मलाबी तसलाच आणाय सांगतो भावाला. पुरात कामाला यील."
म्हटलं, "संपले तिथले."
हे मात्र पुरतं खोटं.

१० एप्रिल
दादांच्या घरी गेले. सुनीतावैनी गोठ्यात एकट्याच धार काढत होत्या. आधी त्यांनाच सांगून टाकलं. हात न थांबवता ऐकून घेतलं त्यांनी.
"आमचं मालक रोज सवताला शिव्या घालाय लागल्यात," म्हणाल्या. "मी न्हाय सांगायची. जावा, आत जागंच हायत."
सांगितलं. लवकर लागणारा हिरवा, राहिलेला मीटर, कालचं खोटं. दादा प्लास्टरकडं बघत होते.
"चार्जरचं जाऊं द्या," म्हणाले. "वस्तू हाय, फसवती. पर दवाखान्यात सगळी हुती, ताई. माझी चूक माझी चूक म्हणत हुतो मी, आन् तुमी शेजारी बसलासा."
पिशवी उचलली.
"येते" म्हणून उठले. एरवी दारापर्यंत आवाज येतो, "या की परत!" आज नाही आला.
रविवारी ग्रुपची बैठक आहे, दादांना जमावं म्हणून त्यांच्याच अंगणात. मला कुणी येऊ नको म्हटलेलं नाही. ये असंही नाही.