सुमनला किडनी कोण देणार

मंगळवार, जव्हार

आज सासूबाईंना उलट बोलले. चार वर्षांपूर्वी नवऱ्याला माझी किडनी दिली, तेव्हा कुणी मला विचारलंही नव्हतं. सही कुठे करायची तेवढं दाखवलं. आता नणंदेला, सुमनला, किडनी हवी आहे. मोखाड्याला शाळेत शिकवते ती. धाकट्या दिराचा रक्तगट जुळतो. पण सासूबाई म्हणाल्या, "तो कमावता आहे. त्याला कापायचं नाही."

"आई, मीही तेव्हा नोकरीला जातच होते," मी म्हटलं.

खरंच, कुणी विचारलंही नव्हतं मला. मी मात्र दिराला सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊजी, तुम्ही द्याल का?"

आईकडे न बघता तो म्हणाला, "तपासणीला येतो, वहिनी."

सासूबाई जेवल्या नाहीत. मी पोटभर जेवले.