सगळं अंग एकदम

विटा, मंगळवार संध्याकाळ

जिमचा ट्रेनर म्हणतो, नवीन हायस, तर दर खेपेला सगळं अंग एकदम घे. तिथला पक्या म्हणतो, आज छाती, उद्या पाठ, परवा पाय. मला छाती कुणाला दाखवायचीय? लकवा मारलेल्या आबांना खाटेवरनं उचलून मोरीत नेता यावं, एवढ्यासाठी जिम लावली. उचलताना पाठ वेगळी आणि पाय वेगळे कुठं असतात? म्हणून ट्रेनरचंच ऐकलं.

आज आबांना एका दमात उचललं. कंबरही दुखली नाही. वाटलं, आलं अंगात बळ.

आबा कानाशी पुटपुटले, "हलका झालोय न्हवं रं मी?"

म्हटलं, "न्हाई आबा, मी जिमला जातोय न्हवं."

परत खाटेवर ठेवताना त्यांच्या पाठीचं हाड न् हाड हाताला लागलं.