कोणी, कोणाला, कशाने

सोमवार, ९ जून

आज आईला चापट मारली. हलकीच. ती पुन्हा गॅसचं बटण फिरवत होती. मी ओरडले, ती हसली, मी मारली – मनगटावर. संपलं.

थोड्या वेळात विसरलीसुद्धा. बिस्कीट मागायला आली. मी मात्र ही वही उघडून बसले आहे!

मंगळवार, १० जून

ऑफिसात इंग्रजी-मराठी कोशाची शेवटची अक्षरं चालू झाली. माझ्या वाट्याला नेमका ‘व्हॅक’ (whack) हा शब्द आला. मारणं, पण बोलीतलं, घरगुती, जरा गमतीनं म्हटलेलं.

आमच्या मुख्य संपादकांना सगळे मागून ‘पूर्णविराम’ म्हणतात. त्यांच्यापुढे कोणाचं वाक्य जात नाही. मारण्याच्या प्रत्येक शब्दाला त्यांचे प्रश्न ठरलेले – कोणी? कोणाला? कशाने? कितपत लागलं? उत्तर बदललं की मराठी शब्द बदलायचा. टपली डोक्यात. धपाटा पाठीत, तोही घरच्याच माणसाचा. चपराक गालावर. गुद्दा मुठीचा.

“आणि चापट?”

“उघड्या हाताची,” मी म्हणाले.

“म्हणजे हातात काही नसताना. बरोबर?”

“बरोबर.”

मी पुढचं कार्ड ओढलं.

गुरुवार, १२ जून

‘व्हॅक’चे बाकीचे अर्थ लिहून झाले. वाटा. एखादी गोष्ट करून बघणं. एखादं यंत्र नीट चालेनासं झालं तरी हाच शब्द. माणूस दमून पार गळून गेला तरी हाच. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “अगंबाई, म्हणजे मी रोजच!” सगळे हसले. मीही.

आपणही काय काय मारतो! गप्पा, हाका, उड्या, डुलक्या. मिठीसुद्धा मारतोच.

घरी आले तेव्हा मावशी आईची वेणी घालत होत्या. मी ऑफिसात असते तेव्हा त्याच पगारावर आईला सांभाळतात, दोन वर्षं झाली. आईने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. मी दिसताच आणखी आत सरकवला.

की मला तसं वाटलं?

शनिवार, १४ जून

दादा आला. आईला सफरचंदाची फोड देताना त्याने तिच्या मनगटावरचा वळ पाहिला. बारीक, लांब, जांभळा.

“हे हाताचं नाही. कशाने तरी मारलंय.”

आईला विचारलं. ती म्हणाली, “दाराला लागलं.”

तो मला स्वयंपाकघरात घेऊन आला. “घाबरून बोलतेय ती. बाईला घाबरते. तू दिवसभर बाहेर, तुला काय कळणार!”

इथे मी बोलायला हवं होतं. मी टोमॅटो चिरायला घेतले.

फोन त्यानेच लावला, स्पीकरवर. “उद्यापासून येऊ नका. का ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.”

पलीकडून मावशींचा आवाज – “ताई आहेत का तिथे?”

“आहे. तिचंही हेच म्हणणं आहे.”

मी चिरत राहिले.

“बरं,” मावशी म्हणाल्या.

रविवार, १५ जून

उलथनं होतं हातात. लोखंडी.

लिहिलं एकदाचं. आणि गॅस मी आधीच बंद केला होता, सिलिंडरपासून. भीती नव्हती कसली. नुसतं बटण गोल गोल फिरत होतं आणि ती हसत होती, आणि मला ते हसू सहन झालं नाही. एवढंच कारण. एवढंच!

इतकी वर्षं शब्द तोलण्यात गेली, आणि स्वतःच्या वहीत, जिथे वाचणारं कोणी नाही, तिथे ‘चापट’ लिहिलं. ‘हलकीच’ म्हणे!

आज आईची वेणी मी घातली. तीनदा सुटली.

सोमवार, १६ जून

पूर्णविराम म्हणाले, “उदाहरण जरा गमतीचं द्या हो. शब्द हलका आहे.” मी दिलं – त्याने माशीला फटका मारला.

“कशाने?”

“वर्तमानपत्राने.”

“छान.”

जिन्यात जाऊन दादाला फोन केला. “आईला मी मारलं. मावशींनी नाही. उलथन्याने.”

तो म्हणाला, “वेडी आहेस का तू? त्या बाईला आता कुठल्या तोंडाने बोलावू?”

“तू नको. मी जाते.”

ऑफिसातून परस्पर गेले. मावशींनी दार अर्धंच उघडलं. मी सगळं सांगितलं, उलथन्यासकट. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “त्या दिवशी फोनवर सुरीचा आवाज येत होता. खट खट, खट खट. म्हटलं, आता थांबेल. ताई बोलतील.”

मग त्यांनीच विचारलं –

“आईंची वेणी कोण घालतंय?”

“मी.”

“जमते?”

“नाही.”

“बघते,” म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मंगळवार, १७ जून

आल्या नाहीत. रजा काढली. आई दिवसभर खिडकीत. “ती कुठाय?” विचारत होती. प्रत्येक वेळी सांगितलं, माझ्यामुळे गेली. प्रत्येक वेळी तिने मान हलवली.

बुधवार, १८ जून

मावशी आल्या! माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ आईकडे गेल्या. आईने त्यांचा दंड धरून खाली ओढलं. तिला वाटलं, मला ऐकू जात नाहीये. “तिला रागावू नकोस हं. मी कोणाला नाही सांगितलं. दाराला लागलं म्हटलं. दमते गं पोर माझी.”