खिंडीतला काळा गोटा

६ सप्टेंबर १९९६, मोयेंदो

निघालो एकदाचे! बाबा वाळूत जाळं शिवत बसले होते, मान वर केली नाही. "भावाला नेतेयस तसा परत आण." एवढंच. इतालो चोवीस वर्षांचा घोडा झालाय, पण बाबांच्या लेखी मी त्याला हाताला धरून न्यायचं. माझ्याही लेखी तसंच आहे म्हणा.

लाट फुटते तिथून दोघांनी एकेक गोटा उचलला. आई सांगायची तसं. खिंड चढायची तर खालून एक दगड घेऊन जायचा, वरच्या राशीवर ठेवायचा आणि शीण तिथेच सोडायचा. आई पलीकडच्या कॉफीच्या जंगलातली. लग्न होऊन ती खिंड ओलांडून समुद्राकडे आली, ती परत कधी गेलीच नाही. आम्ही तिच्याच वाटेनं उलटे निघालोय. समुद्र, मग डोंगर, मग तिचं जंगल. पुढच्या महिन्यात इतालो चिलीच्या बोटीवर जाईल, दोन वर्षं येणार नाही. त्याआधी हे करायचंच होतं.

त्याचा गोटा काळाभोर, मधोमध पांढरा पट्टा. माझा नुसताच काळा, अंगठा टेकेल एवढा खळगा असलेला. गावाबाहेर पडायच्या आत मी माझा त्याच्या सॅकमध्ये टाकला.

"ताई, हे चालत नाही हं. आपला आपण न्यायचा असतो."

"ने रे. ठेवताना मी ठेवीन."

९ सप्टेंबर, हुलियाका

मालट्रकच्या मागे, कांद्याच्या पोत्यांवर बसून आलो. हाडं खिळखिळी! इतालोनं सगळ्या बायकांना हसवत आणलं. एकीनं त्याच्या लाल नाकाकडे बघून विचारलं, "काय रे किनाऱ्या, आईनं थंडी दाखवली नव्हती का कधी?" तर हा म्हणतो, "आई गेली, आता ताई दाखवते." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मनात कुठेतरी लागलं.

११ सप्टेंबर, आंतापाता

खिंडीच्या अलीकडचं शेवटचं गाव. लिबोरिया नावाच्या बाईकडे उतरलो, सगळा गाव तिला मावशी म्हणतो. हिची खेचरं आहेत, तीच मीठ आणि साखर पलीकडे नेतात. वाळवलेल्या बटाट्यांचं गरम सूप, उंचीच्या त्रासावर कोकाच्या पानांचा चहा. खिंड किती लांब विचारलं तर मावशीनं हनुवटी वर केली. "ही काय, इथेच!" म्हणजे दिवसभराची चाल. इथल्या लोकांचं सगळं इथेच असतं.

इतालोनं सूप अर्धं ठेवलं. डोकं दुखतंय का विचारलं. "छे!" खोटं बोलताना तो नाक चोळतो. चोळलं.

१२ सप्टेंबर, तळ्याच्या वर

भांडण झालं. मोठं.

तळ्यापर्यंतच त्याला दोनदा उलटी झाली. उंचीचा आजार, दुसरं काय. मी म्हटलं, आजचा मुक्काम इथेच. तंबू लावला. मग म्हटलं, उद्या खाली जाऊ. तो ऐकेना. मी म्हटलं, तुझ्यानं काही पुरं होत नाही, कॉलेज झालं नाही, बाबांची बोट झाली नाही, ही खिंडपण राहिली. बोलून गेले. तो पांढराफटक पडला, आजारानं की माझ्या बोलण्यानं कोण जाणे.

"मग तू जा ना एकटी! सारखं माझ्या उरावर बसायला कुणी सांगितलंय?"

"जातेच! एकटी जाते पलीकडे. तू बस इथे रडत."

दोघं पाठ करून पडलो. तो कण्हतोय. मी जागी आहे हे त्याला कळू देणार नाही.

१३ सप्टेंबर, सकाळ

झोपलाय. श्वास ठीक वाटतो. खाली जाऊन मावशीचं खेचर घेऊन येते. त्याला त्यावर बसवलं की वर काय, खाली काय, कुठेही नेता येईल. जेवणवेळेपर्यंत परत. त्याला उठवलं नाही. अबोला मी का आधी तोडू? माझी सॅक बरोबर घेतलीय, सवयच आहे, सॅक मी कुठे ठेवत नाही. तंबू आणि चूल त्याच्याकडे.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

नाहीये.

तंबू नाही, त्याची सॅक नाही. जमिनीवर तंबूच्या खुंट्यांची भोकं तेवढी. मी मावशीबरोबर खेचराच्या वाटेनं वर आले, तो त्या वाटेवर दिसला नाही. खाली उतरायला आणखी एकच वाट आहे, तळ्याच्या काठानं. दुपारनंतर बर्फ सुरू झालं. ओरडून ओरडून घसा बसला. लिबोरियामावशीनं मला दंडाला धरून खाली आणलं. "पोरी, तूपण राहशील इथे."

१४ सप्टेंबर, आंतापाता

गावचे राखणदार जमले. त्यांचा म्होरक्या सेनोबियोकाका, बुटका, गालात कायम कोकाची पानं. ढोर चोरीला गेलं की हीच माणसं डोंगर पालथे घालतात. त्यांनी शिंग फुंकलं, घरटी एक माणूस आला. कुणी विचारलं नाही आमचं नातं काय, गाव कुठलं. आले आणि निघाले.

काका: "उलट्या होणारा माणूस कुठे जातो?"

"खाली," सगळे म्हणाले.

मीही म्हटलं, खाली. खिंडीकडे एक जण जाऊन आला. बर्फ गुडघाभर, त्यावर पाऊल नाही. मी म्हटलं, तिकडे वेळ घालवू नका, इतालो वर जाणारच नाही. मी ओळखते त्याला.

१५ सप्टेंबर

इतालोची टोपी सापडली. आईनं विणलेली, तांबडी. तळ्याच्या काठी, गवतात.

माझ्या हातात दिली आणि सगळे तळ्याकडे बघायला लागले.

१६ सप्टेंबर

ट्रकनं खालच्या गावात गेले, फोन तिथेच आहे. मोयेंदोच्या दुकानात फोन लावला, दुकानदारानं बाबांना हाक मारली. बाबा पळत आले असावेत, धाप ऐकू येत होती. "पोचलात?" मी म्हटलं, हो. "इतालोला दे." मी म्हटलं, झोपलाय. फोन ठेवला. दारात उभी राहिले. मग परत आत जाऊन परत लावला आणि सांगितलं.

मागून समुद्राची गाज. मग बाबा म्हणाले, "समुद्रानं नेलं तर कुठे उभं राहायचं ते मला माहीत आहे. तुझ्या डोंगराचं मला काय कळतं? सांग ना, कुठे उभा राहू?"

एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

१७ सप्टेंबर

आज लांब काठ्यांनी तळं ढवळलं. पाणी काळं, थंड. काठी कशाला अडली की सगळे थबकतात. तीनदा थबकले. दोनदा दगड होता, एकदा मेलेलं लोकरीचं जनावर, अल्पाका. तिसऱ्या वेळी मी काठावरच बसले. लिबोरियामावशीनं माझ्या तोंडात पानं कोंबली. "चाव. रडायचं ते नंतर, ते कुठे पळत नाही." तिच्यावर ओरडले. ती हलली नाही. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवलं.

सगळ्यात वाईट विचार हा: त्याला मी शेवटचं काय बोलले.

१८ सप्टेंबर

काही नाही.

१९ सप्टेंबर

सकाळी सेनोबियोकाका टोपी काढून दारात उभे. समजलेच मी.

"बटाट्याची लावणी खोळंबलीय, बाई. माणसं थांबवता येणार नाहीत मला. पण जायच्या आधी वर जाऊ. डोंगराला पानं द्यायची, दारू शिंपडायची. त्यानं ठेवून घेतलं असेल तर निदान अंग तरी परत दे म्हणायचं."

मी नाही म्हटलं. अंग परत दे म्हणणं म्हणजे तो मेला हे कबूल करणं. मी किंचाळले बहुतेक. काका तसेच उभे राहिले. शेवटी मावशीनं माझ्या अंगावर तिची शाल टाकली. निघाले.

चढताना सगळ्यांनी वाटेत वाकून एकेक दगड उचलला. मी विसरले. वर ऊन होतं, बर्फ वितळून रास उघडी पडली होती. माणसाएवढी उंच, पिढ्यान् पिढ्यांचे दगड, सगळे टोकदार, करडे. एकेकानं आपला ठेवला. काका माझ्याकडे बघायला लागले. माझे हात रिकामे! माझा गोटा इतालोच्या सॅकमध्ये. रिकाम्या हातानं डोंगराकडे काय मागणार? जवळपास पडलेला एखादा तरी उचलावा म्हणून राशीच्या पायथ्याशी वाकले.

आणि तिथे तो होता! खाली, कोपऱ्यात, दोन दगडांमध्ये नीट बसवलेला. गुळगुळीत, काळाभोर, मधोमध पांढरा पट्टा.

काकांना हाताला धरून खाली ओढलं. काकांनी बोटानं चाचपून बघितला. "हा इकडचा नाही."

"समुद्राचा आहे काका! त्याचा आहे! तो वर आला होता, बर्फ पडायच्या आधी वर आला होता!"

माणसांनी टोप्या परत डोक्यावर घातल्या. कुणीतरी दारूची बाटली बूच लावून खिशात ठेवली. मी वेड्यासारखी राशीवर माझा गोटा शोधत होते. त्याच्याकडे दोन होते ना. सगळीकडे चाचपलं. नाही. माझा नाही. रागानं फेकून दिला असेल?

"दुसऱ्याचा कसा ठेवेल तो?" काका म्हणाले. "आपला शीण आपणच उतरवायचा. तेवढं त्याला ठाऊक दिसतंय."

तळ्यात नाही! तळ्यात नाही! टोपी वाऱ्यानंच खाली नेली असणार. पण त्या अवस्थेत तो वर का चढला? आणि ज्या वादळात मी खाली उबेत बसले होते, त्या वादळात तो पलीकडे उतरत होता. मीच म्हटलं होतं, तिकडे वेळ घालवू नका.

२० सप्टेंबर, पलीकडच्या उतारावर

काका आणि मावशी बरोबर आहेत. लावणीचं काय विचारलं तर काका म्हणाले, "बायको आहे, मेव्हणा आहे, बटाटे पळून जात नाहीत." दोन मेंढपाळांच्या झोपड्या लागल्या, दोन्ही रिकाम्या. एका झोपडीत विझलेली चूल आणि कापडाची फाडलेली पट्टी, रक्त लागलेली. मावशीनं ती हुंगली. "जुनी आहे." मी ती टोपीशेजारी खिशात ठेवली.

धुकं खालून वर येतंय. शेवाळ, ओली झाडं. आई याला "घाम गाळणारं जंगल" म्हणायची.

२१ सप्टेंबर

पाऊस. दरड कोसळून वाट गेलीय. काकांनी कोयत्यानं झाडीतून वाट काढली, दिवसभरात जेमतेम एक ओढा ओलांडला. पायांना जळवा. कड्यावरून खाली बघायची भीती वाटते, कारण दर वेळी तांबडं काही दिसेल असं वाटतं. मग आठवतं, टोपी माझ्याच खिशात आहे.

काका म्हणाले, उतरणाऱ्या सगळ्या वाटा खाली एका झुलत्या पुलाशी येतात. तिथे विचारू. तिथेही कुणी बघितलं नसेल तर? मावशी म्हणाली, "पूल ना? हा काय, इथेच!" पहिल्यांदाच त्या "इथेच"वर विश्वास ठेवावासा वाटला.

२२ सप्टेंबर, पुलाजवळ

पुलाच्या तोंडाशी एक बाई केळी तळत होती. तिला इतालोचा फोटो दाखवला, चिलीच्या बोटीसाठी काढलेला. तिनं फोटोकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिली.

"उंच, मोठ्या नाकाची, येता-जाता हुकूम सोडणारी... अगं बाई, तूच का ती हरवलेली बहीण? येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझं वर्णन सांगून तो पोरगा आमचे कान खातोय!"

इतालो कॉफीच्या पोत्यांवर बसला होता. दोन्ही पाय चिंध्यांनी बांधलेले, पुलाकडे तोंड करून. मला बघून आधी रडला, मग ओरडायला लागला. "एकटी जाते म्हणालीस आणि सॅक घेऊन खरंच गेलीस! तंबू माझ्याकडे, ताई! तंबूशिवाय मेली असतीस ना वर!"

त्यानं खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर माझा गोटा ठेवला. अंगठा खळग्यात बसला.