मंगळवारी ये

प्रिय सांतान,

हाकेच्या अंतरावर राहून ही पत्र कसलं लिहिते, म्हणून हसशील. हस. समोर आलास की माझ्यातली थोरली बहीण जागी होते, तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि तू चपला घालून चालू लागतोस. कागदावर निदान मला मध्येच थांबता येतं.

आरोग्य केंद्रात लागले तेव्हा तू म्हणाला होतास, “पाव विकणारी बाई आता बेवड्यांना शहाणपण विकणार!” खरं सांगू, तेच विकायचं नसतं. औषध डॉक्टर देतात. आम्ही समुपदेशक ऐकतो, आणि वाट त्या माणसालाच शोधू देतो. त्याला विचारून बोलणं रेकॉर्ड करतो, मग आठवड्याला सगळ्या जणी बसून एकमेकींच्या चुका काढतो. माझा पहिलाच पेशंट एक म्हातारा, नाव सांगणार नाही. बिचारा म्हणत होता, बायको गेल्यापासून संध्याकाळ अंगावर येते. आणि मी आपली सुरू! लिव्हर काय, मुलं काय, लोक काय म्हणतील काय! ते रेकॉर्डिंग ऐकून माझ्यासोबतची समुपदेशक सुलक्षा पोट धरून हसली, “अगं पिएदाद, हा पेशंट आहे की तुझा धाकटा भाऊ?” सगळ्या हसल्या. मला मात्र हसू येईना.

पुढच्या वेळी मी नुसतं ऐकलं. तो म्हातारा आता संध्याकाळी, त्यालाच सुचलं म्हणून, फुटबॉलच्या मैदानावर बसून पोरांना शिव्या घालतो. सांजावच्या सणाला सगळा गाव पितो, तेव्हा घसरला, पण नंतर आपणहून आला. त्याला कोणी रागावलं नाही.

परवा पोटदुखीसाठी तू आलास. रांगेत सगळ्यांना विचारतात ते पिण्याबद्दलचे प्रश्न तुलाही विचारले आणि नर्सने तुला आमच्या खोलीकडे पाठवलं. दार ढकललंस, खुर्चीत मला पाहिलंस आणि औषधही न घेता परत गेलास. पण नर्सने पाठवलं, म्हणजे तू उत्तरं खरी दिली होतीस, सांतान. मला रडू फुटलं. सकाळी कप धरताना तुझे हात थरथरतात ते मी बघते, मला फार भीती वाटते रे. आपल्या माणसाला आपण पेशंट म्हणून बघायचं नाही, असा आमचा नियमच आहे. मंगळवारी मी घरभेटींना बाहेर असते, त्या खुर्चीत सुलक्षा बसते. आठवड्याच्या बैठकीत तुझं रेकॉर्डिंग लावलं तर मी उठून बाहेर जाईन, आणि घरी एका शब्दाने विचारणार नाही. ये. त्या खोलीत तुला बहीण भेटणार नाही.

तुझीच,
पिएदाद