बुजगावण्यावरचा खंड्या

रविवार संध्याकाळ, सुरत

आबांचा फोन आला. आपलं गोदाकाठचं वावर आता पाखरांसाठी राखीव झालंय अन् आबाच तिथं राखणदार! जन्मभर गोफण फिरवलेला माणूस. आज सवयीनं "हाऽऽ हुर्रर्र" ओरडले, अन् पाखरं बघायला आलेल्या पाहुण्यांदेखत सगळा थवा उडाला. वनखात्याचे साहेब म्हणे, "आबा, राखायचीत, हाकलायची नाहीत!" लय हसलो. पण माझ्या लाल शर्टातलं बुजगावणं अजून उभं हाय, त्यावर रोज खंड्या पक्षी बसतो. माझ्या शर्टावर! मग आबा म्हणाले, "अजून एक गडी पाहिजे इथं. येतो का रं?"

"बघतो" म्हणून मी फोन ठेवला. बघायचं काय त्यात? इथं काय ठेवलंय माझं? उद्या सांगतो, बुजगावण्याला दुसरा शर्ट घाला. लाल मला लागेल.